आई घरची, बाप उसातला

मांजराला घर लागतं, एवढं मला माहीत होतं. घरालाही मांजराच्या लायक व्हावं लागतं, हे मलप्पामामांनी निलंग्याहून येऊन सांगितलं. ते आमच्या पुढच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले, पत्र्याकडे पाहिलं, खिडकीचे गज हलवून बघितले आणि पंचनाम्याला आल्यासारखी मान हलवत म्हणाले, "दाजी, हे घर जमणार न्हाई."

"आम्ही सहा वर्षं राहून राहिलो की इथं," आप्पा म्हणाले.

"तुमचं येगळं. तुम्ही उड्या मारत न्हाई."

हे सगळं आता सांगायला हरकत नाही. आप्पा असते तर त्यांनी प्रत्येक वाक्याखाली तारीख मागितली असती.

त्या वर्षी माघात माझी आई, अव्वा, गेली. जाण्याआधी पंधरा दिवस तिनं दवाखान्यातून आपल्या भावाला, म्हणजे मलप्पामामांना, निरोप धाडला होता : तुझ्या शेडातली मांजरी यंदा व्याली, की एक पिल्लू दाजींसाठी ठेव. कशाला, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या घरात कधी कुणी मांजर पाळलं नव्हतं. आप्पांना तर मांजरं नावडतीच. तीस वर्षं तहसिलात कारकुनी केलेल्या माणसाला, बोलावल्यावर न येणारं जनावर कसं आवडावं? पण शब्द अव्वाचा होता. त्यामुळे मांजर येणार, हे ठरलेलंच होतं.

फक्त एक अडचण मामांनी हातचं राखून ठेवली होती. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी ती सांगितली.

"पिल्लू झाक हाय. पण साधं न्हाई. आई घरची हाय. बाप उसातला."

"म्हंजे?" आप्पांनी विचारलं.

"रानबोका. उसात राहतो. मी सोता बघितलाय. एवढा." मामांनी हात कमरेपर्यंत नेला, आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहून गुडघ्यापर्यंत खाली आणला. "पिल्लू चार महिन्यांचं हाय, पर आत्ताच सहा फूट उडी मारतंय. दार उघडं दिसलं की पळणार. उंच जागा न्हाई मिळाली की पडदे फाडणार. म्हून म्हणतो, आधी घर तयार करा, मग आणतो."

माझ्यापुढे तेव्हा वेगळाच हिशेब होता. मी गावातल्या वाचनालयात काम करत होते आणि नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात सहायक ग्रंथपाल म्हणून माझ्या नेमणुकीचा कागद आला होता. एका महिन्यात हजर व्हायचं होतं. आप्पांना एकटं कसं सोडायचं, हा प्रश्न होता. ते सांगितल्याशिवाय जेवत नव्हते, आणि सांगितलं तर "हाव" म्हणून तिथंच बसून राहत. मी मनाशी पक्कं केलं : मांजर घरात टिकलं आणि आप्पा त्याच्यासाठी का होईना उठू लागले, तर मी जाईन. नाही टिकलं, तर नांदेडचा विषय संपला. आप्पांना मी तसं सांगूनही टाकलं. ते "हाव" म्हणाले.

तयारीला मी वाचनापासून सुरुवात केली. वाचनालयात मांजरावरचं एकच पुस्तक होतं आणि ते खरं तर वाघावरचं होतं. ते मी प्रमाण लहान करून वाचलं. त्यात लिहिलं होतं की जनावराच्या वाऱ्याच्या वाटेत उभं राहू नये. आमच्या दोन खोल्यांत वारा फक्त फाल्गुनात यायचा, तोही धूळ घेऊन. त्यामुळे शास्त्रीय मार्ग तिथंच खुंटला आणि शेजाऱ्यांचा सल्ला सुरू झाला.

आमची चार बिऱ्हाडांची रांग होती. उजवीकडे गुरम्माकाकू, त्यांच्या यजमानांचं गंजगोलाईच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. डावीकडे पंचशीला सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स. दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं, पण मांजराबद्दल दोघींनाही मत होतं.

"हायब्रीड हाय म्हणं," गुरम्माकाकू दारातूनच म्हणाल्या. तेव्हा रेशनवर हायब्रीड ज्वारी मिळायची आणि साऱ्या गावाचा तिच्यावर राग होता. "त्याची भाकर खाल्लीस की न्हाई कधी? दिसायला थोराड आन् चवीला भुस्कट. मांजर बी तसलंच निघल बघ."

"काकू, आम्ही मांजर खाणार नाही," मी म्हटलं.

"तुम्ही न्हाई. पर ते काय खाणार?"

हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आम्ही लिंगायत. आमच्या घरात कांदा-लसूण चालतो, पण अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आप्पा रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसत, आणि उसातल्या बापाचं पोर त्याच खोलीत नाष्टा करणार होतं. आप्पांनी थोडा विचार करून निर्णय दिला. "दूध-भाकर. सवय लावली की लागते." पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर वाढलेल्या माणसालाच अशी चूक सुचू शकते. पंचशीला सिस्टर भिंतीपलीकडून खोकल्या. तो खोकला नव्हता हे मला नंतर कळलं.

मग उंच जागेचा प्रश्न. खरं तर घरात एक उंच जागा होती : पुढच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीवरची रुंद फळी. पण तिच्यावर अव्वाची पत्र्याची पेटी होती. पेटी खाली काढली असती तर मांजराची सोय एका मिनिटात झाली असती. आप्पांनी फळीकडे पाहिलं, मी आप्पांकडे पाहिलं, आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो की नवीन काहीतरी करून घेऊ.

म्हणून पंढरी सुतार आला. पंढरीनं जन्मभर औतं आणि बैलगाड्या केल्या होत्या. दुष्काळामुळे औत कुणी काढत नव्हतं, तेव्हा त्याला हाताला काम हवंच होतं. मांजराला चढायला एक खांब, त्याला काथ्या गुंडाळायचा, वर बसायला पाट, एवढंच मी सांगितलं होतं. त्यानं चार दिवसांनी बाभळीचा जो खांब आणला, त्याला दोन माणसं लागली.

"पंढरीभाऊ, मांजर आहे हो," मी म्हणाले.

"ताई, बैल बांधा. हलला तर पैसं वापस."

खांब हलत नव्हता हे खरं होतं. तो दारातूनही आत येत नव्हता. पंढरीनं खांब कापायला साफ नकार दिला. तो दार काढायला तयार झाला. दार काढलं, खांब आत गेला, दार परत बसवताना बिजागरी तुटली. नवी बिजागरी आणायला पंढरी गेला तो औशाला मेहुण्याकडे गेला. त्यामुळे ज्या मांजरानं घराबाहेर पडता कामा नये म्हणून एवढी तयारी चालली होती, त्याच्या घराला दोन दिवस दारच नव्हतं. आप्पा उंबऱ्यात खुर्ची टाकून राखण करत बसले. जाणारे-येणारे विचारायचे, "आप्पा, हवा खाऊन राहिलेत का?" आप्पा म्हणायचे, "हाव." पण एक सांगायला हवं. त्या दोन दिवसांत आप्पा इतक्या माणसांशी बोलले, जितक्यांशी माघापासून बोलले नव्हते.

यानंतर वाळू. मांजराच्या खासगी सोयीसाठी घमेलंभर वाळू लागते, असं सिस्टर म्हणाल्या. एरवी मांजरा नदीत वाळूच वाळू. पण लातूर तेव्हा नवा जिल्हा होता आणि नव्या जिल्ह्याला इमारती हव्या होत्या. कचेऱ्या आल्या होत्या, त्यांच्या पाट्या यायच्या होत्या. काही ठिकाणी पाट्या लागल्या होत्या आणि साहेब यायचे होते. गावातल्या प्रत्येक वाळूच्या ढिगाजवळ खाटेवर एक रखवालदार. मी घमेलं साडीच्या पदराखाली धरून अशाच एका ढिगाजवळ गेले. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या बाईनं घमेलं पदराखाली धरलं की ते जास्तच दिसतं.

"काय पायजे, बाई?"

"थोडी वाळू."

"बांधकाम काढलं काय?"

"नाही. मांजरासाठी."

"मांजराला घर बांधून राहिल्यात?"

मी खरं ते सांगितलं. तो खाटेवर उठून बसला. मग परांचीवरच्या गवंड्यांना ओरडून म्हणाला, "ए, आयका रे! मांजराच्या संडासाला कलेक्टर हापिसाची वाळू पायजे म्हणं!" गवंडी, बिगारी, पाणी मारणाऱ्या बाया, सगळे काम थांबवून बघायला लागले. वाळू मात्र त्यानं दिली, घमेलं शीग लावून भरून दिलं. पुढे बरेच महिने त्या रस्त्यानं जाताना कुणी ना कुणी माझ्या मांजराच्या पोटाची चौकशी करत असे.

इथवर आम्ही अडाणी होतो, पण कायद्यात होतो. कायदा आप्पांनी आणला. एका सकाळी ते आपणहून उठले, धोतर नेसले, फाउंटन पेनमध्ये शाई भरली आणि फुलस्केप कागदावर लिहिलं : विषय – संकरित मांजर राहत्या घरी पाळण्यास परवानगी मिळणेबाबत.

"आप्पा, मांजराला परवानगी लागते?"

"अर्ध्या मांजराला लागत न्हाई. पण अर्ध्या रानटी जनावराला लागू शकते," आप्पा म्हणाले. "उद्या तू नांदेडला जाशील आणि कोण येऊन मला विचारील, तर मी काय दाखवू? परवानगी आली की तू जा. तवर थांब."

बोलणं बिनतोड होतं. मी कॉलेजला पत्र टाकून पंधरा दिवस वाढवून मागितले.

तो अर्ज कुठं कुठं गेला! जंगली जनावरांचं काम पाहणाऱ्या कचेरीत गेला. तिचं नाव लिहीत नाही, त्यातली माणसं अजून पेन्शन घेत आहेत. तिथून गुरांच्या दवाखान्यात गेला, की अर्जातलं जनावर नक्की कोणतं ते कळवा. दवाखान्यानं कळवलं की जनावर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि जनावर तर परवानगीशिवाय घरी येऊ शकत नव्हतं. मग तो दुष्काळाच्या कामावरच्या कुणा कारकुनाच्या हाती पडला. त्याच्या तक्त्यात बैल, गाय, म्हैस, शेळी आणि 'इतर' एवढेच रकाने होते. त्यानं इतरमध्ये आम्हाला बसवलं, आणि अर्ज केल्यापासून आठव्या दिवशी आम्हाला पहिली आणि एकमेव सरकारी मंजुरी आली : जनावर एक, रोजचा कडबा पाच किलो, छावणीतून घेऊन जाणे.

"काय वाईट न्हाई," बाजाराला आलेले मामा म्हणाले. ते कागद वाचून होईपर्यंत हसले आणि मग वैतागले. "दाजी, पिल्लू मोठं होऊन राहिलंय. मी उद्या आणून सोडतो. परवानगी मागनं येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी निलंग्याच्या एसटीनं मामा आले. डोक्यावर कोंबड्यांचं डालगं, त्यावर ओलं पोतं. डालगं खोलीत ठेवलं, दार लावलं, सगळी रांग खिडकीशी जमली. पोतं काढलं आणि पिवळसर, लांब पायांचं, कानांच्या टोकाला केस असलेलं एक जनावर बाहेर येऊन अगदी सावकाश बसलं. त्यानं पंढरीच्या खांबाकडे पाहिलं. खांब त्याला अजिबात पटला नाही. पुढच्या उडीत ते फळीवर, अव्वाच्या पेटीवर होतं, आणि तिथं गोल फिरून त्यानं अंग टाकलं.

मी हाकलायला झाडू उचलला. आप्पांनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "पसंत केली जागा."

एवढ्यावर दिवस संपला असता तर बरं झालं असतं. नळाला तेव्हा सहा दिवसांनी पाणी यायचं, तेही तासभर. ज्यात म्हणून पाणी राहतं त्या सगळ्यांत आम्ही पाणी भरायचो : पिंप, घागरी, बंब, कुकरसुद्धा. पाणी आदल्याच दिवशी आलं होतं आणि पिंप काठोकाठ होतं. आता, जगातली सगळी मांजरं पाण्याला भितात. पण उसातला बाप पाटाच्या पाण्यात बेडूक धरतो, हे मामा सांगायचं विसरले होते. मांजर पेटीवरून उठलं, खाली पाहिलं आणि झाकण नसलेल्या पिंपात त्यानं शांतपणे सूर मारला.

आम्ही धावलो. आत ते बुडत नव्हतं, पोहत होतं. गोल गोल, नाक वर काढून, डोळे अर्धे मिटून.

"पोहतंय की!" आप्पा म्हणाले. आणि मग ते हसले. अव्वा गेल्यावर पहिल्यांदा. सहा दिवसांचं पिण्याचं पाणी गेल्यावर माणसानं हसू नये हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी तोंडावर उपरणं धरलं. पण खांदे हलत होते.

गुरम्माकाकू खिडकीतूनच म्हणाल्या, "ते पाणी आता गटारात जाऊ द्या, माय." आम्ही ते धुण्याला ठेवलं. प्यायला पंचशीला सिस्टरांनी आपल्याकडच्या दोन घागरी दिल्या. आप्पा तिथंच त्यांच्या उंबऱ्यात उभं राहून तांब्यानं पाणी प्याले. काकूंनी ते पाहिलं आणि दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी काकूंच्याही घागरी संपल्या, तेव्हा ते दार उघडलं, आणि तांब्या घेऊन त्या कुठल्या बाजूला गेल्या ते मी सांगत नाही.

दूध-भाकरीचंही तसंच झालं. मांजर दूध प्यायचं, भाकर पंजानं बाजूला सारायचं, आणि संध्याकाळी पत्र्यापर्यंत न पोचलेल्या भिंतीवरून पलीकडे जायचं. सिस्टरांच्या घरून सुकटीचा वास यायचा. परत आलं की तोंड पुसत बसायचं.

"आप्पा, ते तिकडं काय खातं, माहीत आहे ना?"

"आपल्या घरात दूध-भाकर खातंय," आप्पा म्हणाले. "लोकांच्या घरात आपण कशाला डोकवायचं?"

तिसऱ्या आठवड्यात आप्पा पहाटे उठून त्याच्यासाठी दूध आणायला जायला लागले. आधी त्याला द्यायचे, मग स्वतः चहा घ्यायचे. सांगावं लागत नव्हतं. माझी मुदत पंधरा तारखेला संपत होती आणि परवानगी येत नव्हती. "नवा जिल्हा," आप्पा म्हणत. "कागद फिरून राहिला असंल. आणखी एक पत्र टाक कॉलेजला."

बारा तारखेला त्या कचेरीतून ग्यानोबा नावाचे शिपाई चौकशीला आले. आप्पा बाजारात होते. ग्यानोबांनी खांब पाहिला, त्याला एक धक्का मारून पाहिला, पिंपाच्या झाकणावरचा पाटा पाहिला, फळीवरचं मांजर पाहिलं आणि टोपी काढून चहाला बसले.

"ग्यानोबा, परवानगी कधी मिळेल हो?" मी विचारलं. "मला नांदेडला हजर व्हायचंय. तीन दिवस राहिलेत."

ग्यानोबा कपातच बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, खोटं बोलू न्हाई. घरात जन्मलेल्या मांजराला परवानगी लागतच न्हाई. सायबांनी आप्पांना पयल्याच दिवशी सांगितलं. आप्पा म्हणले, लागत न्हाई हे लेखी द्या. सायब म्हणले, जे लागतच न्हाई त्याचं लेखी कसं देऊ? मंग आप्पा उलीसक थांबले, आन् म्हणले, तर मंग चौकशी लावा. सायब म्हणले, लावतो. आप्पा दारातून वापस आले, आन् म्हणले, सावकाश लावा."

 मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. घमेलं, दार, कडब्याची मंजुरी, कॉलेजला टाकलेलं पत्र. ज्या माणसानं तीस वर्षांत एकही कागद चुकीच्या टेबलावर जाऊ दिला नाही, त्याचा अर्ज गुरांच्या छावणीत कसा पोहोचला, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एवढी पुस्तकं वाचून काय उपयोग?

रात्रीचं जेवण आप्पांनी मान खाली घालून केलं. ताटात पाणी सोडताना म्हणाले, "ग्यानोबा आलता म्हणं."

"हाव."

"बोलला असंल."

"हाव."

मांजर त्यांच्या मांडीला अंग घासत होतं. त्यांनी त्याला ढकललं नाही.

"लोकांचे कागद कुठं अडतात ते जन्मभर बघितलं, शिवा," ते मला म्हणाले. "कोणत्या टेबलाला किती दिवस बसतात, सगळं पाठ हाय. अव्वाच्या वेळी लई वाटलं, कुठंतरी अडवावं. पण त्याचं खातं सापडलं न्हाई." मग त्यांनी ताट बाजूला सारलं. "तुझं सापडलं, म्हणून अडवलं. पंधराला जा."

पंधराला सकाळी आप्पा मला सोडायला स्टँडवर आले. नांदेडची गाडी लागली तसे ते माझ्याआधी आत चढले, खिडकीशेजारची जागा धरली, माझी पिशवी वर ठेवली आणि माझ्या शेजारी बसले. ड्रायव्हर आला, घंटी झाली, गाडी हलली. आप्पा उतरले नाहीत.

"आप्पा, गाडी सुटली."

"दिसतंय की."

कंडक्टर आला. आप्पांनी खिशातून पैसे काढले. "एक नांदेड, एक चाकूर."

"चाकूरला काय काम आहे?" मी विचारलं.

"काम न्हाई." ते समोर बघत होते. "जरा यावं म्हटलं."

रस्त्यानं दोन्हीकडे काळी रानं फुटून पडली होती.  आप्पांनी मला विष्णुपुरीत खोली घेताना आधी नळ सोडून बघायला सांगितलं, आणि घरमालकाचा स्वभाव मागच्या भाडेकरूला विचारायला सांगितलं. तिथल्या धरणाजवळ राहतेस म्हणून पाण्यात जाऊ नको म्हणाले. मला तर पोहताही येत नव्हतं. मला वाटत होतं की चाकूर आलं तरी ते उतरणार नाहीत, कंडक्टरला अहमदपूर म्हणतील, मग लोहा म्हणतील, आणि आम्ही दोघं तसेच नांदेडला जाऊन उभे राहू, आणि मी परत त्यांच्याबरोबर येईन. माझी तयारी होती, हे आज लिहिते.

चाकूरला गाडी थांबली. आप्पा जागचे हलले नाहीत. मग त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि एकदम उभे राहिले.

"साडेदहा! सकाळपासून त्याला दूध न्हाई दिलं," म्हणाले. "भिंतीवरून दिवसाढवळ्या तिकडं जाईल आणि सिस्टर ड्यूटीवर. कडी लावलेली हाय त्यांच्याकडं."

आणि ते घाईघाईनं, माझ्या डोक्यावर हात ठेवायचंही विसरून, उतरले. गाडी सुटताना मी खिडकीतून पाहिलं. लातूरकडे जाणारी एक एसटी समोरून येऊन आम्हाला ओलांडून गेली होती आणि आप्पा रस्ता ओलांडून, धोतराचा सोगा हातात धरून, तिच्यामागे पळत होते.